फुटक्या काचेची साक्ष

आमच्या गल्लीत बारावीचा निकाल लागला की पेढे आधी देवापुढं जायचे आणि मग धोंडीरामतात्या कांबळ्यांकडे. देवापुढं पेढा ठेवून माणसं लगेच निघून यायची. तात्यांना पेढा दिल्यावर मात्र बसावं लागायचं, कारण पोरानं पुढं कुठल्या कॉलेजात जायचं हे गल्लीपुरतं तरी तात्याच ठरवायचे.

तात्या स्वतः अकरावी नापास. पण शहरातल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं अटेंडंट म्हणून काढली होती. बाटल्या भरायच्या, ब्युरेट धुवायच्या, बर्नर लावून द्यायचे. प्राध्यापक आले, शिकवून गेले, निवृत्त झाले, तात्या आपले मागच्या भिंतीला टेकून उभे. तेच तेच व्याख्यान बत्तीस वेळा ऐकलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला शिकता आलं नाही असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "शिकून झालंय. परीक्षा तेवढी द्यायची ऱ्हायली," असं ते म्हणायचे.

नोकरी संपली तरी प्रयोगशाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कुठल्याही पदार्थाचा वास ते सरळ नाक लावून घेत नसत. भांडं हातभर लांब धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं वाफ हळूहळू नाकाकडे ढकलायची. चहा असो, आमटी असो, बाजारातलं सुकं मासळं असो, रीत तीच. एका लग्नात तांबड्या रश्श्याला असा वारा घालताना पाहून वाढप्यानं घाबरून, "पावणं, काय पडलंय काय त्यात?" असं विचारलं होतं. घरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या. लोणच्याच्या बरणीवर 'आंबा, तिखट, झाकण घट्ट लावणे'. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, चष्म्याच्या घरावरसुद्धा 'चष्मा' अशी चिठ्ठी होती, आणि चष्मा नसल्यामुळे काकूंना ती वाचता यायची नाही.

खरी मजा संध्याकाळी दूधकट्ट्यावर. गवळी समोर म्हैस पिळून माप भरायचा, की तात्या गुडघ्यावर हात ठेवून वाकत आणि डोळा मापाच्या रेषेला आणत. "फेस बसू दे," म्हणत. फेस बसेपर्यंत मागची सगळी रांग उभी. गवळी कावायचा, "तात्या, दूध हाय ते, ॲसिड न्हवं!" तात्या शांतपणे, "फेसाचं दूध हुतंय व्हय?" म्हणायचे आणि वाकलेलेच राहायचे. पण मान्य करायला हवं, त्या कट्ट्यावर आम्हा सगळ्यांनाच माप पुरेपूर मिळायचं.

तर कॉलेज पारखण्याची त्यांची पद्धत. इतर लोक विचारायचे, प्रवेश किती टक्क्यांना बंद झाला? तात्यांना या प्रश्नाचा राग होता. "नव्वद टक्क्यांचं पोरगं घेऊन नव्वद टक्क्यांचं बाहेर सोडलं, त्यात कॉलेजनं काय केलं? पोरगं तिथनं चालत गेलं एवढंच की!" आत आल्यावर पोराला घाम फुटतो का, हे बघायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि घाम मोजायची त्यांची दोन मापं होती. एक म्हणजे पोरांची बोटं. सिल्व्हर नायट्रेट हाताळलं की बोटावर काळा डाग पडतो, नायट्रिकनं पिवळा, आणि तो साबणानं जात नाही. दुसरं माप प्रयोगशाळेत फुटलेली काच. "जिथं काम चालतंय तिथं फुटतंय. कपाट चकचकीत दिसलं की समजायचं, पोरास्नी आत सोडत न्हाईत."

या बोटांच्या तपासणीपायी एकदा फजिती झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून तात्या येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना, "जरा हात दाखव की," म्हणू लागले. पांढरं धोतर, टोपी, कानशिलावर पिकलेले केस. पोरांना वाटलं ज्योतिषी आलाय. दहा मिनिटांत रांग लागली. कुणी नोकरीचं विचारतंय, कुणी लाजत लग्नाचं. तात्यांनी आधी समजावून बघितलं, मग नाद सोडला आणि रांगेतल्या सगळ्यांचे हात तपासून घेतले. शेवटी फाटकावरच्या शिपायानं, "बुवा, इथं धंदा न्हाई करायचा," म्हणून त्यांना बाहेर काढलं. घरी येऊन त्यांनी अहवाल दिला, "चाळीसभर हात बघितलं. डाग एकावर न्हाई. लगीन मात्र सगळ्यांचं ठरीवलं."

आमच्या घरावर त्यांच्या पारखीची वेळ आली ती नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. माझी धाकटी बहीण मंगल बारावी सायन्सला एकोणपन्नास टक्क्यांवर थांबली. तिला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. व्हायचं होतं. शहरातली चांगली कॉलेजं तिच्या आकड्याकडे बघायलाही तयार नव्हती. उरलं एकच, गारगोटी रस्त्याला उसाच्या फडाला लागून दोन वर्षांपूर्वी निघालेलं एक कॉलेज. तिथं अर्ज करणारा तर आत जायचाच, पण सावलीला म्हणून थांबलेल्यालाही नाव विचारत असत, अशी ख्याती.

आमचे वडील, आबा, गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी चालवत. गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे ते घरातही गिरणी चालू असल्यासारखे बोलत. त्यांच्या हाताशी मलकापूरचं एक स्थळ होतं. मुलगा शिक्षक, घरची शेती, माणसं वर्षभराच्या वर थांबायला तयार नाहीत.

"कुणालाबी घेतंय त्या कॉलेजात शिकवत काय असतील?" आबा ओरडले. "तीन वर्षं एस्टीनं हेलपाटं घालायचं, आन् डिग्रीचा कागुद घिऊन यायचा! त्यापरीस मलकापूर काय वाईट हाय?"

"आबा, मी जातो की. शिकवत न्हसतील तर माझं मी वाचतो," मंगल म्हणाली. आमच्याकडं पोरीही 'जातो, करतो' असंच बोलतात.

"केमिस्ट्री वाचून येतीया व्हय? तात्याला इचार."

तात्यांना विचारलं. त्यांनी पेढा खाल्ला नाही, कारण एकोणपन्नास टक्क्यांचे पेढे आम्ही वाटलेच नव्हते. "उद्या जाऊन बघून येतो," एवढंच म्हणाले, आणि सोबत मला घेतलं. मी टपाल खात्यात नवा लागलो होतो, रजा काढली.

जूनची सुट्टी, कॉलेज बंद. पत्र्याची लांबलचक इमारत, चार खोल्या, एका दारावर 'रसायनशास्त्र' अशी पाटी आणि पाटीखाली हे एवढं कुलूप. बोटं बघायला माणूस नाही. तात्या इमारतीला वळसा घालून मागं गेले आणि तिथून त्यांची आरोळी आली, "आरं, हिकडं ये!"

मागच्या भिंतीशी गुडघाभर काच पडली होती. बीकरचे काठ, फ्लास्कच्या माना, ब्युरेटचे तुकडे. तात्या त्या ढिगापुढं उकिडवे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिलं नव्हतं. "दोन वर्षांत एवढं? आमच्या मोठ्या कॉलेजात धा वर्षांत एवढं फुटत न्हाई! पोरं काय राबत असतील रं!"

एक तुकडा मी उचलला. त्यावर दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. मला जरासं खटकलं. पण बत्तीस वर्षं काच हाताळलेल्या माणसाला टपाल खात्यातल्या माणसानं काय सांगायचं, म्हणून मी तो तुकडा परत ठेवला. ही माझी चूक, आणि ती मी आजही तात्यांच्या माथी मारत नाही.

संध्याकाळी तात्यांनी गिरणीत जाऊन शब्द दिला. "आबा, डोळं झाकून पोरीला घाल. कॉलेज कडक हाय."

आबांनी पट्टा थांबवला. "तुझ्या शब्दावर एक वरीस. पोकळ निघालं तर मलकापूर."

सप्टेंबर लागला तरी मंगलच्या बोटांवर शाईशिवाय डाग नव्हता. एका रविवारी तिनं मला आणि तात्यांना त्यांच्या ओसरीवर गाठलं आणि हळू आवाजात सांगून टाकलं. प्रयोगशाळेचं कुलूप अजून एकदाही निघालेलं नव्हतं. ती काच? ती पोरांनी फोडलीच नव्हती. नवंकोरं सामान टेम्पोतून उतरवताना कपाट आडवं झालं आणि एका झटक्यात निम्मा माल गेला. शिपायानंच तिला सांगितलं होतं. उरलेला फुटू नये म्हणून प्राचार्यांनी किल्ली स्वतःच्या टेबलात ठेवली होती.

काकूंनी चहा आणून ठेवला. तात्यांनी वास घेतला नाही, हात लावला नाही. मला खरंच त्यांची दया आली. चिकटपट्टीचं मी तेव्हा सांगून टाकलं. तात्या म्हणाले, "मग बोलायचं न्हाईस व्हय, गाढवा?" आणि मला बरं वाटलं.

"आबास्नी सांगायचं काय?" मंगलनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"सांगायचं की. पण आत्ता न्हाई," तात्या म्हणाले. "मी बोललो ते खोटं ठरलंय. आता आधी ते खरं करायला पायजे."

मंगळवारी सकाळच्या एस्टीनं तात्या गेले. जाताना त्यांच्या पिशवीत जुन्या कॉलेजातून मागून आणलेल्या, चिरा गेलेल्या टेस्ट ट्यूब होत्या. पुढं काय झालं ते मंगलनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं होतो असंच मला वाटतं. रसायनशास्त्राचे देसाई सर तासिका तत्त्वावरचे, वय चोवीस. त्यांनाही कुलूप काढायचं होतं, पण प्राचार्यांपुढं बोलायचं धाडस नव्हतं. प्राचार्य मराठीचे. तात्यांनी त्यांना नमस्कार करून किल्ली मागितली आणि इतक्या सहज मागितली की त्यांनी ती देऊन टाकली. देऊन झाल्यावर, हे गृहस्थ कोण, असा प्रश्न त्यांना पडला.

तोपर्यंत तात्यांनी बावीस पोरापोरींच्या हातात एकेक चिरलेली टेस्ट ट्यूब दिली होती आणि मध्ये पत्र्याची बादली ठेवली होती. "फोडा," ते म्हणाले. कुणी हलेना. "फोडा म्हणतो न्हवं! फुटंल फुटंल म्हणून जीव मुठीत धरून केमिस्ट्री हुत न्हाई. आज एकदा फुटू दे, मग भ्या जाईल." मंगलनं पहिली फोडली. मग एकच खळखळाट सुरू झाला.

प्राचार्य धावत आले. "कोण फोडतंय? काय चाललंय इथं?"

"उद्घाटन चाललंय, सर," तात्या म्हणाले. "नारळ फोडला असता तर चाललं असतं न्हवं?"

 तात्यांनी उरलेली एक ट्यूब प्राचार्यांच्या हातात दिली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि तीही बादलीत गेली.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तात्या त्या एस्टीला असत. पगार नाही, नेमणूक नाही, हजेरीपटावर नाव नाही. कंडक्टर त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायचा, कारण रस्त्याच्या खड्ड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. देसाई सर शिकवायचे आणि तात्या मागच्या भिंतीला टेकून ऐकायचे. पण आता मध्येच, "सर, जरा थांबा, ह्यांच्या टकुऱ्यात शिरलं न्हाई," असं म्हणायची त्यांना मुभा होती. बुद्धपौर्णिमेला आमच्या गल्लीत वाटायची ती कांबळ्यांकडची खीर त्या वर्षी बावीस पोरांसाठी डबा भरून एस्टीनं गेली. डब्यावर चिठ्ठी होती, 'खीर. आडवी धरू नये'.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी मंगलनं एकदा त्यांना हसत विचारलं, "तात्या, परीक्षेला खूण करशीला न्हवं?" कारण गल्लीतल्या थोरल्या पोरांकडून तिनं काहीतरी ऐकलं होतं.

तात्या हसले नाहीत. मोठ्या कॉलेजात परीक्षेला प्रत्येकाला एक अनोळखी सॉल्ट देत आणि ते कशाचं हे शोधायला सांगत. पुड्या बांधायचे तात्या. अडलेली पोरं त्यांच्याकडे बघायची. तात्यांना दया यायची. उजवा कान खाजवला की तांबं, डावा कान म्हणजे शिसं, नाक म्हणजे लोखंड. "कितीतरी डाक्टर आन् इंजिनेर माझ्या कानावर पास झाल्यात, मंगे. मोठं कॉलेज, मोठं कॉलेज म्हणत्यात! मी तिथं सोपं करून ठेवलं हुतं. तुला खूण करणार न्हाई. तुझा बा इचारंल, कॉलेज कडक हाय का, तर मला खरं सांगता आलं पायजे."

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. बाहेरून आलेले परीक्षक त्याच मोठ्या कॉलेजचे निघाले. या आडवाटेच्या कॉलेजवर विश्वास नसल्यानं त्यांनी सॉल्टच्या पुड्या स्वतःच्या बॅगेतून आणल्या होत्या. त्यामुळे आत काय आहे हे तात्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना आत थांबू दिलं नाही. आम्ही दोघं खिडकीबाहेर उभे राहिलो. मंगलनं तारेवर चिमूटभर पूड घेऊन ज्योतीत धरली. ज्योत लाल झाली.

"स्ट्रॉन्शियम," तात्या माझ्या कानात म्हणाले. "लांबनं वळखतो मी."

मंगल त्यानंतरही बराच वेळ काहीबाही मिसळत, गाळत बसली. मग तिनं उत्तरपत्रिकेवर मोठ्या अक्षरात लिहिलं. तात्यांनी मान लांब करून वाचलं आणि खिडकीचा गज घट्ट धरला. तिनं कॅल्शियम लिहिलं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्या अंतरावर ती होती. तात्यांचा एक हात कानाकडे गेला. मग त्यांनी तो हात खाली आणला, पाठ फिरवली आणि उसाकडे तोंड करून उभे राहिले.

परतीच्या एस्टीत ते मंगलपासून लांब, पुढच्या बाकावर जाऊन बसले. उतरले ते थेट गिरणीत. आम्ही मागून.

"आबा, पट्टा थांबव," तात्या म्हणाले. "पोरगी चुकली. दोष तिचा न्हाई, माझा हाय. कॉलेज पोकळ हुतं. काच टेम्पोतनं पडली हुती. मी तुला खोटा शब्द दिला. वरीसभर धडपडलो, पण बेत जमला न्हाई. मलकापूरला काय कळवायचं ते कळीव, पण पोरीला बोल लावू नगं."

आबा पिठानं पांढरे झालेले, तोंड उघडं. मंगल मात्र चिडली. "तात्या, कुठं चुकलो मी? स्ट्रॉन्शियम न्हवतंच ते!"

"लाल ज्योत मी बघितली की!"

"लाल दोन्हीची असतीया. मी ज्योतीवर थांबलो न्हाई. पुढची चाचणी केलो. स्ट्रॉन्शियम असतं तर तळाला पांढरा साका धरला असता. धरला न्हाई."

"बत्तीस वर्षं ज्योत बघतोय मी!"

"लांबनं बघितलासा!"

दोघंही इतक्या मोठ्यानं भांडत होते की गिरणी बंद असूनही आबांना ती चालूच आहे असं वाटलं. ते म्हणाले, "उद्या त्या परीक्षकालाच इचारून ये की. हितं का वरडताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं सामान बांधून झालं होतं. रत्नागिरीला बदलीचा हुकूम आला होता आणि दारात रिक्षा उभी होती. मी आबांच्या पाया पडायला गिरणीत गेलो, तेवढ्यात तात्या आले. जुन्या कॉलेजात जाऊन आले होते, धोतराचा सोगा हातात, धाप लागलेली. गिरणी सुरू होती, त्यामुळे ते काय ओरडतायत ते कुणालाच कळेना. आबांनी पट्टा थांबवला आणि त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"मी चुकलो, आबा! कॅल्शियमच हुतं! बावीस पोरांत लाल ज्योत सहाजणांस्नी आलती, परीक्षक म्हणलं, चौघांनी बरोबर काढलं. आन् मला आलं न्हाई! कॉलेज कडक हाय, आबा. मलाच येईना झालंय!"

चुकल्याचा असा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आबांनी मलकापूरचं नाव काढलं नाही. नुसती मान हलवली आणि जात्यात गहू ओतायला वळले, पण पट्टा काही त्यांनी लगेच सुरू केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तात्या गेले. मला रत्नागिरीत तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या सकाळचंच. रिक्षा निघाली, मी वळून बघितलं. गिरणीच्या दारात गव्हाच्या पोत्यावर तात्या बसले होते. मांडीवर मंगलची वही, हातात तिचंच पेन. मंगल पुढं उभी राहून सांगत होती, आणि ते मान खाली घालून लिहीत होते.

"थांब जरा," मला ऐकू आलं, "ती पुढची चाचणी परत सांग. सावकाश सांग, मला येत न्हाई."